दर्शनाचे हशील

महाराष्ट्राच्या नकाशावर समुद्रापासून अत्यंत दूर पडलेले जे तालुके आहेत त्यांत गोंदिया जिल्ह्यातील आमच्या अर्जुनी मोरगावची गणना अवश्य करावी लागेल. आणि त्यातही विशेष असा की, आमच्या शिवारात पडलेला पाऊस ज्या समुद्राला जाऊन मिळतो तो मुंबईचा समुद्र नव्हेच, कारण गाढवी नदी वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत शिरते, आणि गोदावरी आमचे पाणी घेऊन पूर्वसमुद्राकडे जाते. अशा ठिकाणी बसून मुंबईच्या धक्क्याला लागणाऱ्या सहलीच्या जहाजांचा आणि त्यांच्या कठड्यांवरून दिसणाऱ्या बंदराचा विचार करणे हा उपद्व्याप वाचकास अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु तत्त्वविचाराला थोडे अंतर उपकारकच असते, आणि मला विचार करावयाचा आहे तो जहाजाचा नसून पाहण्याचा आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या आठव्या-दहाव्या मजल्यावर उभा राहून, पाय जमिनीला न लावता, जो मनुष्य एखादे शहर सावकाश न्याहाळतो, त्याला आपल्या परंपरेने कोणत्या कोटीत बसवावे? तो साक्षी म्हणावा की भोक्ता? आणि भोक्ता ठरला, तर त्या भोगाचे काही देणे त्याच्या नावावर निघते की नाही?

प्रथम ते दृश्य नीट उभे केले पाहिजे, कारण ते क्षुद्र मुळीच नाही. अरबी समुद्रातून मुंबईच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या उजव्या अंगास खांदेरी-उंदेरी ही जलदुर्गांची जोडी राहते, डाव्या अंगास कुलाब्याच्या टोकापुढे खडकावर उभे असलेले प्राँग्ज दीपगृह दिसू लागते, आणि बंदराचा पायलट जहाजावर चढून त्याची वाट आपल्या हाती घेतो. मग डावीकडे कुलाबा, नौदलाच्या युद्धनौका, १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलचा घुमट आणि त्याच्या पुढ्यात गेटवेची कमान असा देखावा क्रमाक्रमाने सरकत जातो. उजवीकडे उरणच्या टेकड्या, आणि आकाश स्वच्छ असेल तर त्यांच्याही मागे कर्नाळ्याचा सुळका. समोर घारापुरीचे हिरवे बेट, ज्याच्या पोटात महेशमूर्ती शतकानुशतके अर्धोन्मीलित नेत्रांनी बसलेली आहे आणि जिला पाहण्यास मात्र पायऱ्या चढूनच जावे लागते. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरला तेव्हा ही कमान नव्हती, ती पुरी झाली १९२४ साली. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश पलटणीची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून जाऊन परतीच्या जहाजावर चढली. ज्या वास्तूचा हेतू एका बादशहाच्या आगमनाचे स्मरण ठेवण्याचा होता तिच्या नशिबी त्याच्या सैन्याचे निर्गमन पाहणे यावे, हा इतिहासाचा विनोद कठड्यावरच्या प्रवाशास दिसत नाही. त्याला दिसते ती छायाचित्रात चांगली येणारी पिवळसर दगडाची कमान.

जहाज लागते ते बॅलार्ड पियरला. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या आरंभीच्या कारभाराशी ज्या कर्नल बॅलार्डचा संबंध होता त्याचे नाव या धक्क्याला मिळाले. विलायतेची आगबोट येथे लागली की तिच्यावरील टपाल व साहेबलोक बंदरातल्याच रेल्वे स्टेशनावरून थेट उत्तर हिंदुस्थानाकडे रवाना होत, म्हणजे मुंबईत न शिरता मुंबईतून जाण्याची सोय तेव्हाही होती. १९१४ साली सुरू झालेली अलेक्झांड्रा गोदी, जिला आता इंदिरा गोदी म्हणतात, तिच्या दरवाजाआड न शिरता सहलीचे जहाज बाहेरच्या धक्क्याला उभे राहते. उत्तरेकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या. १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला तो व्हिक्टोरिया गोदीतच, आणि कापसाच्या जळत्या गाठी शहरावर पडल्या. आणखी थोडे पलीकडे भाऊचा धक्का, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जाणारा. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, तेथून रेवसकडे निघालेली रामदास बोट वाटेतच उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्या बोटीतल्या माणसांना बंदराचा देखावा पाहावयाचा नव्हता, सणाला घरी जावयाचे होते. कोकणची माणसे बोटीच्या कठड्याला उभी राहत ती किनाऱ्यावर कोण न्यावयास आले आहे हे शोधण्यासाठी. त्यांचे पाहणे एका चेहऱ्यावर जाऊन थांबत असे, आणि तो चेहरा त्यांच्याकडे पाहत असे.

आमच्या नात्यातील एक तरुण नोकरीनिमित्त मुंबईस असतो. तो मुलाबाळांसह मुंबई-गोवा अशी जहाजाची सहल करून आला तेव्हा, मुरगावच्या बंदरात उतरून गोव्यात काय काय पाहिले, असे मी त्याला विचारले. "काकाजी, आम्ही उतरलोच नाही," तो म्हणाला, "वरूनच सारं दिसत होतं." या उत्तरात उद्धटपणा नव्हता, आळसही नव्हता, होते ते निर्मळ समाधान, आणि त्यामुळेच ते उत्तर माझ्या मनातून जाईना. मुरगावला जहाज लागते ते जुवारी नदीच्या मुखाशी, लाटा अडविणाऱ्या बांधाच्या आश्रयाने. त्या बंदराचा मुख्य व्यवहार खनिज मातीचा आणि कोळशाचा. म्हणजे जहाजाच्या एका अंगास निळे पाणी आणि पलीकडचा किनारा, तर दुसऱ्या अंगास यारी, ढिगारे आणि धूळ. "सारं दिसत होतं" या सारेपणात कोळशाचा ढीग होता काय, हे मी विचारले नाही. असावा असे वाटत नाही, कारण दाखविलेल्या छायाचित्रांत तो कोठेच नव्हता.

आता शास्त्राकडे वळू. एका वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे जे रूपक ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे आणि पुढे मुंडकोपनिषदाने उचलले, ते सर्वपरिचित आहे: एक पक्षी फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. पहिला जीव, दुसरा साक्षी. सांख्यांनी हाच विचार रंगभूमीच्या भाषेत मांडला. ईश्वरकृष्णाच्या कारिकांत प्रकृती ही नर्तकी आहे, पुरुष हा प्रेक्षक आहे, आणि आपण पाहिले गेलो हे कळताच ती नर्तकी निवृत्त होते. पतंजलीने दुसऱ्या पादात दृश्याचे प्रयोजन दुहेरी सांगितले, द्रष्ट्याचा भोग आणि द्रष्ट्याचा अपवर्ग. तेच दृश्य एकास बांधते आणि दुसऱ्यास सोडविते. या तिन्ही मतांत पाहणाऱ्याचा अलिप्तपणा हा गौरवाचा विषय आहे, आणि म्हणून वरवर पाहता असे वाटावे की, जहाजाच्या कठड्यावर हात टेकून, शहराच्या धुळीचा, घामाचा, भांडणाचा लेशही अंगास न लावून घेता जो नुसता पाहतो, तो नकळत उपनिषदांच्या दुसऱ्या पक्ष्याच्या पदवीस पोहोचला. त्याला काही विकत घ्यावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, कशात हात घालावयाचा नाही. न खाणारा पक्षी याहून वेगळे काय करतो?

पण त्या जहाजाच्या भाडेपत्रकाकडे पाहावे म्हणजे भ्रम फिटतो. ज्या खोलीला खिडकीच नाही तिचे भाडे सर्वांत कमी. जिला काचबंद गवाक्ष आहे तिचे त्याहून जास्त. आणि जिला समुद्राकडे उघडणारा सज्जा आहे तिचे त्याहूनही जास्त. म्हणजे येथे दृश्याला दर आहे, आणि पाहणारा दर देऊन दृश्य निवडतो. साक्षीला निवड नसते. मनात उठलेला राग आणि मनात उठलेली करुणा ही दोन्ही ज्या प्रकाशात सारखीच उजळतात तो साक्षी, असे वेदान्त सांगतो. त्या प्रकाशाला गेटवेची कमान आणि कोळशाचा ढीग यांत पंक्तिप्रपंच करता येत नाही. ज्याने एक बाजू घेतली आणि दुसरी टाकली त्याने फळ तोंडात घातले. ते डोळ्यांनी खाल्ले एवढाच फरक. शिवाय सांख्यांचा पुरुष जहाजावर उभा नसतो. जहाजावर उभे असतात ते शरीर, इंद्रिये आणि मन, आणि ती तिन्ही स्वतःच दृश्यात मोडतात. भाऊच्या धक्क्यावरून होडी लोटणाऱ्या कोळ्याला ते मजल्यांवर मजले चढविलेले पांढरे जहाज हाच देखावा आहे, आणि त्याच्या कठड्यावरील माणसे त्या देखाव्याचा तपशील. उंचावर उभे राहिल्याने कोणी द्रष्टा होत नाही. आमच्याकडच्या एखाद्या निरूपणकाराने या प्रवाशाला साक्षी म्हटलेच, तर त्याला मी नम्रपणे विचारीन की, साक्षीला भोजनाची घंटा ऐकू येते काय.

तेव्हा तो भोक्ता, हे ठरले. यात निंदा नाही. गृहस्थाश्रम हा भोगाचाच आश्रम आहे. प्रश्न पुढचा आहे, आणि त्यासाठी समुद्रयात्रेच्या निषेधाचा तो जुना आणि बदनाम विषय पुन्हा काढावा लागतो. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमन हे पतनीय कर्मांत आरंभीच गणले आहे. गंमत अशी की, त्याच ग्रंथात उत्तरेकडील लोकांचे जे देशाचार सांगितले आहेत त्यांतही समुद्रगमन आहे, म्हणजे निषेध होता आणि जाणेही होते. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीने हा निषेध दृढ केला, आणि मग कोळी, भंडारी, खारवी यांनी समुद्रावर जगावे, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने समुद्रावर हुकमत करावी, पण पुण्याच्या शास्त्र्याने त्याचे पाणी ओलांडू नये, अशी विलक्षण व्यवस्था महाराष्ट्रात नांदली. राघोबादादांनी १७८१ च्या सुमारास विलायतेस जे वकील धाडले त्यांत हणमंतराव नावाचे ब्राह्मण होते. एडमंड बर्क या प्रख्यात वक्त्याने त्यांना आपल्या बागेतील काचगृह स्वयंपाकासाठी व स्नानसंध्येसाठी मोकळे करून दिले. परत आल्यावर सोन्याची योनी करवून तीतून वकिलांना बाहेर काढले आणि मगच जातीत घेतले, अशी हकीकत तत्कालीन इंग्रजी लेखनात नमूद आहे. सावरकरांनी हिंदूंच्या पायांतील ज्या सात बेड्या तोडावयास सांगितल्या त्यांत सिंधुबंदी ही एक होती, आणि ती तोडली गेली हे सर्वथैव योग्य झाले. तिच्या पायी विद्या, व्यापार आणि धाडस यांची जी हानी झाली तिची भरपाई अजून झालेली नाही.

तरीही त्या सुवर्णयोनीच्या विधीत, त्यातील सर्व हास्यास्पदता वगळून, एक गृहीत शिल्लक राहते, आणि मला ते टाकवत नाही. ते गृहीत असे की, दुसऱ्या बंदरावर उतरलेला मनुष्य मूळचा मनुष्य राहत नाही. त्याला परत यावयाचे असेल तर पुन्हा जन्म घ्यावा लागतो. निषेध करणाऱ्यांनी प्रवासाला भिऊन का होईना, पण त्याला गंभीर मानले. आजची सहल त्याच्या नेमकी उलट हमी देते: तुम्ही जसे चढलात तसेच उतराल, तुमचे जेवण, तुमची झोप, तुमची भाषा, तुमची करमणूक यांत कोठेही व्यत्यय येणार नाही, आणि मधल्या बंदरांचा उपसर्ग तुम्हांला डोळ्यांपलीकडे होणार नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथील सभेत, आपण अमेरिकेस का जात आहो याचा जबाब या सतरा वर्षांच्या मुलीने दिला, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा निश्चय जाहीर केला. एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या बंदरात त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. निश्चयाप्रमाणे त्या हिंदू म्हणूनच आल्या. पण ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना परदेशात मुलीप्रमाणे सांभाळले त्यांच्याकडे त्यांच्या अस्थींची रक्षा समुद्रापार पाठविण्यात आली, आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती पुरली गेली. एका देहाचे देणे दोन किनाऱ्यांत असे विभागले गेले. कोणत्या शास्त्राने हा हिशेब घातला असता, हे मी सांगू शकत नाही; पण तो हिशेब आहे, आणि तो पुरता चुकता केलेला आहे, यात मला शंका वाटत नाही.

मुंबईच्याच गोदीतून हजचे यात्रेकरू आगबोटीने जात असत. हा जलमार्ग १९९५ पर्यंत चालू होता. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांसाठी यलमलम हे सीमास्थान ठरलेले आहे. बोट त्याच्या समोर येण्यापूर्वी प्रवाशाने स्नान करून, पुरुष असेल तर शिवलेले कपडे उतरवून, दोन बिनशिवणीची वस्त्रे परिधान करावयाची, आणि मगच ती अदृश्य रेषा ओलांडावयाची. चहूकडे पाणी सारखेच असते, किनारा दृष्टीस पडत नाही, तरी त्या पाण्यात एक रेघ आहे आणि तिच्या पलीकडे तुम्ही निराळे आहा, असे तो धर्म बजावतो. आमच्या तालुक्यात प्रतापगडावर महादेवाचे स्थान आणि मुसलमान सत्पुरुषाचा दर्गा असे दोन्ही आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेत तो डोंगर चढणारा मनुष्य पायाने चढतो, उपाशी चढतो, आणि दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणी वरून नुसते पाहून परत जाणे त्याच्या कल्पनेतही येत नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विचार केला आहे, आणि त्याच खंडात प्रायश्चित्ताचाही. ही जोडी मला अर्थपूर्ण वाटते. तीर्थाला गेल्यावर क्षौर, उपवास, श्राद्ध, दान. वाहनाने गेल्यास पुण्य उणे. हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात त्यालाच फळ. यांपैकी प्रत्येक नियम म्हणजे एक हशील आहे. स्थळ पाहावयास मिळते ते फुकट नाही, काही तरी उतरवून ठेवावे लागते, निदान केस तरी.

बुद्धाने सांगितलेला तराफ्याचा दृष्टान्त मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात आहे: पूर ओलांडण्यासाठी काटक्या-गवताचा तराफा बांधून पैलतीरी पोहोचलेला मनुष्य, या तराफ्याने माझ्यावर फार उपकार केले म्हणून तो डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याला शहाणा म्हणावे काय? बुद्धाचा रोख धर्ममताच्या अभिनिवेशावर होता. पण ज्या जहाजावर जहाज हेच गंतव्य असते, जेथे किनारा आला तरी कोणी उतरत नाही, तेथे तराफा डोक्यावर घेण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. प्रवासी तराफ्याच्या आतच राहतो आणि किनारेच त्याच्यापुढून हलविले जातात. हा दृष्टान्त मला सुचण्याचे कारण स्थानिक आहे. गोठणगावजवळ १९७२ साली वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आमच्याच तालुक्यात आहे. बर्फाच्या मुलखातून आलेली माणसे आमच्या धानाच्या आणि उन्हाच्या मुलखात राहिली, येथेच म्हातारी झाली, त्यांची नातवंडे येथे जन्मली. त्यांना परतीचे जहाज नाही. ती उतरली ती उतरलीच. त्यांनी आपला तराफा टाकावा असे बुद्धाच्या शब्दांचा आधार घेऊन त्यांना सांगण्याचे धाडस मी करणार नाही, कारण ज्यांचा मागचा काठ बळाने हिरावला गेला त्यांच्याकरिता तो दृष्टान्त सांगितलेला नाही. देवळातल्या दिव्यांत आणि मुलांना शिकविलेल्या लिपीत त्यांनी जे जपले आहे ते ओझे आहे की होडी, हे त्यांनीच ठरवावे. मला एवढेच दिसते की, ज्याला परतीचे जहाज नाही त्याचे पाहणे आणि ज्याचे जहाज संध्याकाळी सुटणार आहे त्याचे पाहणे, ही दोन एका जातीची असू शकत नाहीत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वर्षभर लोकलच्या गर्दीत उभा राहणारा कारकून तीन दिवस समुद्रावर विसावला, तर त्याच्यामागे हा सुवर्णयोनीचा आणि बौधायनाचा ससेमिरा कशाला? त्याच्या विसाव्याचा मला मत्सर नाही. उलट, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने दुसऱ्याच्या रजेवर टीका करावी हे शोभणारे नाही. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भोगावर जी अट घातलेली आहे ती सवडीप्रमाणे माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. देवांनी दिलेले भोगून त्यांना काही न देणारा चोर होय, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे, आणि चोर हा शब्द भगवंतांनी फार उधळलेला नाही. बंदराचे शुल्क जहाजाची कंपनी भरते, त्याची पावती असते. मी म्हणतो ते देणे बंदराच्या कचेरीत भरता येत नाही. मुरगावच्या फाटकाबाहेर वास्कोच्या बाजारात जाऊन, भाषा न समजता, मासळीचा भाव विचारण्याचा आणि कोणी तरी हसेल हे सोसण्याचा जो थोडासा संकोच आहे, तो त्या देण्याचा पहिला हप्ता होऊ शकला असता. उशीर झाला आणि जहाज सुटले तर, ही धास्ती दुसरा.

हा सगळा विचार मला शेवटी आमच्या नवेगावबांधच्या पाळीवर आणून उभा करतो, कारण बंदर जरी नसले तरी धक्का आमच्याकडेही आहे आणि देखावा पाहणारेही आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, पाण्याच्या मध्यावर मालडोंगरी बेट आहे, आणि ज्याने बांध घातला तो मनुष्य कोलासुर देव होऊन त्यांतल्याच एका डोंगरावर बसला आहे. त्या देवाचे पाय तलावाच्या तळाशी टेकलेले आहेत अशी श्रद्धा आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत मला पाहणाऱ्याविषयी पुष्कळ सापडले, पण पाय इतके खोल रोवून पाहणाऱ्याविषयी फारसे सापडले नाही. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके येतात, त्यांच्यामागून मोटारी येतात, आणि प्रवासी नावेत बसून एक फेरी मारून जातात. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून येथे राहिले. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिण्याआधी त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे धिवरांना, गोंडांना विचारून घेतली, म्हणजे वनखात्याच्या अंमलदाराने अंगठेबहाद्दराची शिकवणी धरली. त्यांनी आपले हशील असे भरले.

मालगुजारीच्या अमदानीत आमच्याकडच्या प्रत्येक तलावावर गावाचे हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असत. मालगुजारी १९५१ साली खालसा झाली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारांचे म्हणून मामा तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. हक्क मात्र निस्तारपत्रकात उतरले. पाणी कोणी घ्यावे, गुरे कोठून उतरावीत, सरपण कोणत्या रानातले, मासळी कोणाची, याचा त्यात तपशील आहे. आणि हक्काबरोबर, बांधाला भोक पडले तर मातीची टोपली घेऊन धावण्याचे कर्तव्यही लिहिल्यावाचून समजलेले होते. पाहण्याचा रकाना त्या कागदांत नाही. नुसते पाहणे हाही एक उपभोग होऊ शकतो, त्यासाठी माणसे दुरून पैसे मोजून येतील आणि पाहून झाल्यावर तलावाशी त्यांचा काही संबंध उरणार नाही, हे बंदोबस्ताच्या अंमलदारास सुचले नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आता तो रकाना आखावा लागेल. त्यात पहिली नोंद बांध घालणाऱ्या कोहळ्यांच्या नावे करावी, रोज पहाटे डोंगा घेऊन जाळे टाकणाऱ्या धिवरांच्या नावे करावी, वनखात्याच्या नावे करावी, की ज्याचे पाय सर्वांत खाली आहेत त्या कोलासुराच्या नावे करावी, याविषयी अर्जुनीच्या तहसील कचेरीत एकमत होणे मला कठीण दिसते.